घोड्यांचा पिक्चर परका नाही

परवा जळगावात सिनेमावरचं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते अभ्यासू होते, बोलणंही मुद्देसूद. इराणी सिनेमा, बंगाली सिनेमा, नवा मराठी सिनेमा असं सगळं फिरून ते शेवटी प्रेक्षकांवर आले. म्हणाले, या भागातल्या जुन्या लोकांना अजून 'मॅकेनाज गोल्ड'चा उमाळा येतो, 'शोले'चे संवाद पाठ असतात, काऊबॉयच्या पिक्चरचं नाव काढलं की डोळे चमकतात, याचं मला वाईट वाटतं. कारण हे पिक्चर म्हणजे गोऱ्यांनी तिथल्या मूळ लोकांची जमीन बळकावली त्याचा पोवाडा. आपल्या मातीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि पन्नास वर्षं तेच ते पाहत राहणं याला रसिकता म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

टाळ्या पडल्या. शेजारी माझे मामा बसले होते. वय पंचाहत्तर, शिंदखेडा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी, डोळे तपासायला जळगावला आले होते. विषय सिनेमाचा म्हणून मीच त्यांना आग्रहानं घेऊन गेलो होतो. टाळ्या थांबेपर्यंत ते मांडीवरच्या टोपीची घडी घालत होते, मोडत होते. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "आपन काय चोरी करेल शे का रे?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. वक्ते मनापासून बोलत होते, त्यामुळे उत्तरही मनापासूनच द्यायला हवं. त्यांचा एक आक्षेप खरा आहे आणि जड आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी माती.

'काडीचा संबंध नाही' असं जो म्हणतो, त्यानं जळगाव शहर मोठं कसं झालं ते एकदा पाहावं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. गिरण्यांनी तोंड हिंदुस्थानकडे वळवलं, खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि त्याच काळात रेल्वे तापीच्या खोऱ्यात शिरली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली ती त्या युद्धाच्या वर्षांत. युद्ध थांबलं, भाव कोसळले, पेठेतले कित्येक जण बसले. आता काऊबॉयच्या पिक्चरमधला नायक कोण असतो ते आठवा. पुष्कळदा तो त्याच युद्धातून परतलेला शिपाई असतो. हरलेल्या सैन्याचा फाटका कोट अंगावर, घरी काही उरलेलं नाही, म्हणून पश्चिमेला निघालेला. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मधला ईथन एडवर्ड्स असाच आहे. सर्जो लिओनीचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' तर त्या युद्धाच्या मधोमधच घडतो. ज्या आगीनं तो माणूस घराबाहेर काढला, तिच्याच धगीवर आमचा बाजार तापला. मामांच्या आजोबांच्या आजोबांनी कापूस विकला असेल तेव्हा त्याचा भाव त्या रणांगणावर ठरत होता. त्यांना ते माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, तर मग काडीचा संबंध नाही असं तरी म्हणू नये.

त्याहून जवळचं सांगतो. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूरच्या पुढे सातपुड्यात चढतो, तिथे सेंधव्याचा घाट आहे. त्या घाटाची राखण करण्याचं काम खाज्या नाईक या भिल्ल नाईकाकडे होतं. कंपनी सरकारची नोकरी. ती गेली, तुरुंग झाला, १८५७ मध्ये सरकारला गरज पडली तेव्हा पुन्हा कामावर घेतलं, आणि मग जो घाटाचा राखणदार तोच उठला. इंदूरकडून मुंबईला निघालेला सात लाखांचा खजिना त्यानं लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली, तीत भिल्लांची माणसं मोठ्या संख्येनं मारली गेली. खाज्या नाईक निसटला आणि १८६० साली मारला गेला. घाट, खजिना, तुरुंगातून सुटलेला राखणदार, मागावर असलेली पलटण. यातली कोणती गोष्ट हॉलिवूडनं आम्हाला शिकवली?

आणि शिंदखेडा तालुक्यातलंच चिमठाणे. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारला चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ रस्त्यात अडवून लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये. अमळनेर भागातले डॉ. उत्तमराव पाटील त्यात होते, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. हे स्वातंत्र्यासाठी लढणारे लोक. पैसा चळवळीसाठी होता आणि माणसं जिवावर उदार झालेली होती. त्यांना मी डाकूंच्या रांगेत बसवत नाही, कोणी बसवूही नये. मी सांगतोय ते ऐकणाऱ्या मुलांबद्दल. मामांच्या वडिलांनी ही गोष्ट त्यांना खळ्यावर, रात्री राखणीला बसल्यावर, इतक्या वेळा सांगितली होती की गाडी कुठे आडवी झाली असेल, माणसं कोणत्या बांधामागे दबली असतील, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं होतं. असा मुलगा विशी ओलांडून धुळ्याला इंग्रजी पिक्चर पाहायला गेला, पडद्यावर दोन टेकड्यांमधून घोडागाडी येताना दिसली, आणि तो खुर्चीच्या टोकावर सरकला. का सरकला, हे त्या वक्त्यांनी मामांना विचारायला हवं होतं.

मामा 'मॅकेनाज गोल्ड'ला गेले ते सत्तरच्या दशकात, कापसाची गाडी खाली करून. पिक्चर १९६९ चा. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, टेली सवालास. अमेरिकेत तो फारसा चालला नाही. हिंदुस्थानात मात्र वर्षानुवर्षं फिरत राहिला, छोट्या गावांत पुन्हा पुन्हा लागत राहिला. आमच्याकडे त्याला 'घोड्यांचा पिक्चर' म्हणत. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण मामा सांगतात, थिएटरात मधूनमधून एखादा कॉलेजात शिकणारा असायचा, तो आपल्या सोबत्यांना हळू आवाजात सांगायचा आणि मागच्या दोन रांगा त्याच्याकडे कान लावायच्या. तोही अडला की सगळे मिळून अंदाज करायचे. "आते हाऊ काय करस देख." मग तो काहीतरी करायचा, आणि निम्म्या थिएटरचा अंदाज बरोबर निघायचा.

त्या पिक्चरमध्ये एक जागा आहे. उंच सुळक्यासारखा खडक, दिवस उगवतो, खडकाची सावली जमिनीवरून लांबत जाते आणि सोन्याच्या दरीचं तोंड दाखवते. मी तो पिक्चर शहरातल्या मित्रांबरोबर पाहिला तेव्हा एकानं म्हटलं, ही काय जादू? मामांना ती जादू वाटली नव्हती. त्यांनी मला लहानपणी बांधावरच्या निंबाची सावली दाखवून सांगितलं होतं की अमुक दगडाला सावली लागली की बैल सोडायचे, मार्गशीर्षात ती कुठे पडते आणि चैत्रात कुठे. सावलीनं वेळ आणि जागा दाखवावी हे त्यांच्यासाठी रोजचं होतं. त्यामुळे पिक्चरमधला तो क्षण त्यांना पटला, आणि पटला म्हणून आवडला. अडाणी प्रेक्षक चमत्काराला भुलला, असं वाटणाऱ्यानं त्या प्रेक्षकाचं शेत पाहिलेलं नसतं.

आता तो खरा आक्षेप. या पिक्चरांनी अमेरिकेतल्या मूळ लोकांवर अन्याय केला का? केला. 'स्टेजकोच' हा १९३९ चा पिक्चर थोर मानतात, आणि तो आहेही. पण त्यातल्या अपाची लोकांना चेहरा नाही. ते टेकडीवर उगवतात, ओरडत खाली येतात आणि घोड्यांवरून पडतात. अशा शेकडो पिक्चरांत मेलेल्या माणसांची मोजदाद नाही, त्यांना नावं नाहीत, त्यांची बायकामुलं कधी दिसत नाहीत. आणि हे आम्ही पाहिलं ते खानदेशात. या खानदेशात १८२५ साली जेम्स आउट्रमनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांकरवी भिल्लांचा बंदोबस्त करायला. सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, हे शंभर वर्षं लिहिलं गेलं. गावातले आपण सगळे ते मानत आलो, अजूनही काही तोंडांतून ते निघतं. तेव्हा वक्त्यांनी हा मुद्दा काढला, हे त्यांनी बरंच केलं. मी त्यातला एक शब्दही कमी करणार नाही.

पण त्यातून पुढे काय निघतं, तिथे आमचं जमत नाही. त्यांच्या मते, म्हणून ज्यांना हे पिक्चर आवडतात ते जमीन बळकावणाऱ्यांच्या बाजूचे. माझे एक मित्र सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात शिक्षक होते, जातीनं भिल्ल. काऊबॉयचे पिक्चर आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ पाहिले. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा एकाच चॅनलवर दिवसा कार्टून आणि रात्री टीएनटीचे जुने इंग्रजी पिक्चर लागत. त्यांच्या खोलीवर आम्ही ते पाहत बसायचो. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे खुपत नाही? ते म्हणाले, कॅमेरा कड्यावर जातो, तिथे दोन घोडेस्वार उभे असतात, खाली गाड्यांची रांग मुंगीसारखी चाललेली दिसते. त्या क्षणी मी कड्यावर असतो. खाली गोळ्या सुरू झाल्या तरी मी तिथून उतरत नाही. पिक्चर दिग्दर्शकानं कोणाच्या बाजूनं काढला हे त्याला विचारा. मी कुठे उभं राहायचं ते मी ठरवतो.

हे उत्तर मी तेव्हापासून मनात बाळगून आहे. प्रेक्षक तिकीट काढतो, मत विकत नाही. आणि हेही खरं, की या अन्यायाचा जाब सगळ्यात आधी याच जातीच्या पिक्चरांनी विचारला. 'द सर्चर्स' १९५६ चा. त्यातला जॉन वेन कोमांची लोकांचा इतका द्वेष करतो की त्यांच्यात वाढलेल्या आपल्या पुतणीला मारायला निघतो. शेवटी तो तिला घरी आणतो, सगळे घरात जातात, आणि तो एकटा उंबऱ्याबाहेर राहतो. दार बंद होतं. द्वेष करणाऱ्याला घरात जागा नाही, हे त्या दारानं सांगितलं. त्याच फोर्डनं १९६४ मध्ये 'शायान ऑटम' काढून शायान लोकांची आपल्या मुलखाकडे परतण्याची वाट दाखवली. तिथेही प्रमुखांच्या भूमिका बाहेरच्या नटांना दिल्या, ती खोट आहेच. पण ज्याला हे पिक्चर मनापासून आवडतात, त्याला त्यातली खोटही माहीत असते आणि ती कुठे दुरुस्त करायचा प्रयत्न झाला तेही माहीत असतं. ज्यानं दोन पाहून नाक मुरडलं, त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

'गोऱ्यांचा पोवाडा' म्हणताना आणखी एक गोष्ट निसटते. गुरं हाकण्याचं ते सगळं कसब स्पेनकडून मेक्सिकोत आलं आणि मेक्सिकोतल्या वाकेरो गुराख्यांकडून काऊबॉयनं उचललं. रँच, लॅसो, रोडिओ हे शब्दसुद्धा स्पॅनिश. गुरांच्या वाटेवर काळे काऊबॉय पुष्कळ होते, इतिहासकार ते चारातला एक असावा असं धरतात. पिक्चरांनी त्यांना गाळलं. जीवनात ते होते.

आणि पोवाडाच असेल, तर तो सत्तेचा तरी आहे का? 'हाय नून' घ्या, १९५२ चा. गावचा मार्शल, आज त्याचं लग्न झालंय, आणि दुपारच्या गाडीनं एक जुना गुंड सूड घ्यायला येतोय. मार्शल घरोघरी मदत मागतो. कोणी आजारी पडतं, कोणी बायकोकरवी सांगतं घरी नाहीत, चर्चमध्ये सभा भरते आणि ठरतं की यानंच गाव सोडावं. तो गावाच्या मदतीशिवाय लढतो, जिंकतो, आणि बिल्ला काढून धुळीत टाकतो. हा पिक्चर लिहिणारा कार्ल फोरमन. त्याच दिवसांत अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याची लाट होती, संसदेच्या समितीपुढे त्याला बोलावलं, इतरांची नावं सांग म्हणाले. त्यानं सांगितली नाहीत. सोबतचे लोक दूर झाले, काम मिळेना, देश सोडून तो इंग्लंडला गेला. गावानं वाऱ्यावर सोडलेल्या मार्शलची गोष्ट त्यानं अशा दिवसांत लिहिली. आणि 'मॅकेनाज गोल्ड', ज्याबद्दल वक्त्यांना वाईट वाटलं, तोही याच फोरमननं लिहिलेला आहे.

गिरणेच्या आणि तापीच्या पात्रात रात्री वाळूचे ट्रॅक्टर चालतात, हे जळगाव जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. ते अडवायला गेलेल्या तलाठ्यांवर, महसूलच्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. अडवणारा माणूस निघतो तेव्हा गावातली किती दारं उघडी असतात? 'हाय नून' आपला नाही असं म्हणायला फार मोठं धाडस लागतं.

'शोले'बद्दलही हेच. १५ ऑगस्ट १९७५, आणीबाणीचे दिवस. रमेश सिप्पींनी काढलेल्या मूळ शेवटात हात तुटलेला ठाकूर गब्बरला आपल्या पायांनी मारतो. सेन्सॉरला ते चालेना, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला दाखवू नका. शेवट नव्यानं काढावा लागला, पोलीस येऊन गब्बरला नेतात. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. ज्याचे संवाद लोकांना पाठ असल्याचं वक्त्यांना वाईट वाटलं, त्याचा शेवट सरकारला खुपला होता. कायदा लांब असतो तेव्हा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न त्या पिक्चरमध्ये होता आणि सरकारला तो ऐकू आला होता. आमच्या लग्नांत लाउडस्पीकरवर 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड लागायची, तेव्हा मांडवातल्या बायकासुद्धा तो प्रश्न ऐकत होत्या. त्या पिक्चरचा कालिया विजू खोटे, अहमद सचिन, आणि संकलक एम. एस. शिंदे. 'शोले'ला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं ते एकच, संकलनाचं, शिंद्यांना. एवढी मराठी माणसं त्यात असताना 'आपलं' कशाला म्हणायचं, याचा निवाडा बाहेरच्यानं करू नये.

उसनेपणाचा आरोप राहिला. कोणी कोणाकडून घेतलं ते नीट पाहू. अकिरा कुरोसावा जॉन फोर्डचा भक्त. १९५४ साली त्यानं 'सेव्हन सामुराई' काढला. १९६० मध्ये हॉलिवूडनं त्याचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. १९६१ ला कुरोसावाचा 'योजिंबो' आला, आणि १९६४ मध्ये लिओनी नावाच्या इटालियन माणसानं न विचारता त्यावरून 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' बनवला, स्पेनच्या उजाड मुलखात. प्रकरण कायद्यापर्यंत गेलं आणि कुरोसावाच्या बाजूला उत्पन्नाचा हिस्सा मिळाला. मग ते सगळं घेऊन सलीम-जावेद आणि सिप्पी रामनगरच्या खडकांत गेले. अमेरिका, जपान, पुन्हा अमेरिका, इटली, स्पेन, कर्नाटक. या रांगेत अस्सल कोण आणि नक्कल कोण? ओवी जशी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर जाते, गळा बदलतो, घरची नावं बदलतात, तशी ही गोष्ट फिरली आहे.

आणि रामनगरला ती थांबली नाही. धुळ्याहून आग्रा रोडनं पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी, शुक्रवारी पिक्चर. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. पैसे नव्हते, घोडे नव्हते. डाकू सायकलवर आले. आगगाडीच्या जागी बस आली. मागावर काम करणारे, दुकानात बसणारे, गावातले लोक नट झाले. जिल्हा त्यांचा नाशिक असला तरी बोलण्याची ढब आमच्या ओळखीची, ऊन आमचंच. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या पिक्चरवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' देशभर लागला. सवयीचे गुलाम असे असतात का? ज्याला एखादी गोष्ट नुसती पाहायची सवय आहे, तो सायकलवर बसून डाकू होत नाही. सायकलवर बसण्यापूर्वी त्या माणसांनी ठरवलं असणार की घोडा नसला तरी धूळ उडाली पाहिजे, आणि धूळ मालेगावात भरपूर आहे. हे दिग्दर्शकाचं डोकं झालं. असं डोकं एकदा पाहून येत नाही, चाळीस वेळा पाहून येतं.

तेच तेच पाहण्याबद्दल मला राग येतो तो इथे. सप्ताहात कीर्तनकार दरवर्षी तेच आख्यान लावतात, आपण दरवर्षी ऐकतो, शेवट माहीत असूनही डोळे भरतात. त्याला आपण श्रद्धा म्हणतो, रस म्हणतो. गावातला माणूस एकच पिक्चर पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा ती सवय कशी झाली? अमेरिकेत 'गनस्मोक' ही मालिका १९५५ ते १९७५, वीस वर्षं घरोघरी चालली. मामांकडे त्या काळात टीव्ही नव्हता. त्यांनी एकच पिक्चर वीस वर्षं पुरवला, जिथे लागेल तिथे जाऊन. पहिल्यांदा गोष्ट पाहिली. दुसऱ्यांदा घोडे. मग खोगीर, पाण्याच्या पिशव्या, कोण कोणाकडे पाठ करत नाही ते. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडे उतरतात, तिथे मामा अजून जातात, विकत काही घेत नाहीत. घोडा चालवून दाखवा म्हणतात, आणि त्याच्या मागून चालतात. हे पाहणं त्यांना पिक्चरनं शिकवलं की यात्रेनं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

एक जागा माझी स्वतःची सांगतो. लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८ चा. सुरुवातीला तीन माणसं एका ओसाड स्टेशनवर गाडीची वाट पाहतात. दहा-बारा मिनिटं. बोलणं जवळजवळ नाही. पवनचक्कीचं चाक करकरतं. एकाच्या टोपीवर टाकीतलं पाणी थेंब थेंब पडतं, तो सरकत नाही. एकाच्या तोंडावर माशी बसते, तो फुंकर मारून ती उडवायला पाहतो. एक जण बोटं मोडतो. हिंसक पिक्चर म्हणतात त्याला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पाचोऱ्याचं स्टेशन दिसलं. लहानपणी जामनेरला आत्याकडे जायचो ते पीजेनं, पाचोरा-जामनेर, छप्पन्न किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, पत्र्याची शेड, कोणी बोलत नाही. नळाला पाणी नाही पण थेंब आहे, त्याच्याखाली एक कुत्रं तोंड उघडून बसलेलं. बाकावर एक म्हातारा, पायात वहाणा नीट जोडून ठेवलेल्या, डोळे रुळांच्या त्या टोकावर जिथे हवा हलताना दिसते. आपण तिकडेच पाहतो. गाडी येईल तेव्हा येईल. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली. तेव्हापासून मी ती दहा मिनिटं पाहतो तेव्हा पाचोऱ्याचं स्टेशन पाहतो. इटालियन माणसानं ते माझ्यासाठी जपून ठेवलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

वक्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी या जिल्ह्यांत याल तेव्हा प्रेक्षकांना काय आवडायला हवं ते सांगण्याआधी त्यांना काय दिसलं ते विचारा. मामांना मी त्या संध्याकाळी विचारलं, बसस्टँडकडे चालता चालता. 'मॅकेनाज गोल्ड'च्या शेवटी भूकंप होऊन दरी गडप होते, सोनं गेलं असं सगळ्यांना वाटतं, आणि मॅकेना ज्या घोड्यावर बसून निघतो त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत सोनं भरलेलं असतं. त्याला ते ठाऊक नसतं. पिक्चर तिथे संपतो. म्हटलं, मामा, त्याला कधी कळलं असेल?

मामा थांबले. हा प्रश्न त्यांनी पन्नास वर्षं मनात घोळवला होता हे लगेच कळलं, कारण उत्तर तयार होतं. म्हणाले, पहिला चढ लागला की. भरलेला घोडा चढावर मागचे पाय रोवतो, खूर टाचेकडून खोल जातो, श्वास बदलतो. खाली बसलेल्या माणसाच्या मांडीला ते लागतं. मॅकेना घोड्यावरचा माणूस होता. त्यांनी वाकून रस्त्याकडेच्या मातीत अंगठ्यानं खूर काढून दाखवला, पुढे उथळ, मागे खोल.

"घोडाले वजन समजस," ते म्हणाले, आणि हात झटकून बसकडे निघाले.